बाहेरून आत

नाशिक,
५ डिसेंबर २०२४

ताई,

नमस्कारानं सुरुवात करावी की नाही, हे ठरवण्यात दोन कागद वाया गेले. थेट सांगते. बाबा आजारी आहेत आणि त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल असं दिसतंय. माझा नंबर तू सहा वर्षांपूर्वी बंद केलास. किशोरभाऊजींना फोन करून निरोप दिला असता, पण तुमच्या घरात त्यावरून बोलणं व्हावं हे मला बरोबर वाटलं नाही. म्हणून पोस्टानं.

दिवाळीत बाबांचे पाय सुजले. रिटायर झाल्यापासून दिवसभर बसून असतात म्हणून असेल, असं आई म्हणाली. मग दोन जिने चढताना तीनदा थांबायला लागले. मानेच्या शिरा टरारून वर आल्या. एको केला तर हृदयाभोवती पाणी निघालं. सुई घालून जवळजवळ पाऊण लिटर काढलं. आठ दिवस बरे गेले आणि सूज परत आली. आता पाणी थोडंच आहे, पण ज्या आवरणात ते साठलं होतं ते जाड होत चाललंय. हृदय आत आवळलं जातंय. त्याला पसरायला जागा नाही म्हणून रक्त आत घेता येत नाही. कशामुळे झालं ते अजून नक्की सांगत नाहीत. पाण्याचा दुसरा तपास पाठवलाय.

तुला नावं सांगते, कारण डॉक्टर तुझ्याशी बोलले तर तुला ती लागतील. सगळ्यात बाहेर हृदयावरण, ते दोन पदरी असतं आणि मध्ये थोडा द्रव. मग हृदयाचा स्वतःचा बाहेरचा थर, अधिहृद. मग हृत्स्नायू, तोच खरा कष्टकरी. सगळ्यात आत अंतर्हृद, गुळगुळीत, रक्त त्याला घासून जातं. बाहेरून आत, याच क्रमानं. बाबांनी मला हे सहाव्या वर्षी शिकवलं, शाळेत जायच्या आधी. ते मटणवाल्याकडून बकऱ्याचं हृदय आणायचे. तो ही हृदयावरची पिशवी काढूनच द्यायचा, बाबा म्हणायचे, "पिशवीसकट दे, मला खायला नकोय." मग ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चिमट्यानं ती पिशवी उचलून दाखवायचे. बघ, सुटी आहे. आत हृदय हलायला मोकळं आहे.

हे तुला लिहायला नको होतं. तू तेव्हा देवळ्याला होतीस.

आपलं शेवटचं बोलणं मी विसरलेले नाही. तू म्हणालीस, तुला बाबा मिळाले, मला मावशीचा ओटा मिळाला. तू म्हणालीस की बाबा देवळ्याला यायचे ते दारातल्या ओट्याच्या कडेला बसायचे, नाकाला रुमाल लावून. घरात यायचे नाहीत. तू तांब्या घेऊन गेलीस तर हातानंच नको म्हणायचे. नऊ वर्षांच्या मुलीनं त्यातून काय समजायचं, असं तू विचारलंस. मी म्हटलं, मावशीकडच्या चाळीत साठवलेल्या कांद्याचा वास त्यांना सहन होत नाही. बाबांनीच मला तसं सांगितलं होतं. मी ते तुझ्या तोंडावर परत सांगितलं आणि तू फोन ठेवलास.

बाबांना मी लिहितेय हे माहीत नाही. यायचं असेल तर ऑपरेशनच्या आधी ये. नंतर भेटता येईलच असं कुणी छातीठोक सांगत नाही.

आरोही


नाशिक,
११ डिसेंबर २०२४

ताई,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तराची वाट न बघता हे लिहितेय. मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही आणि हे तुझंही आहे.

काल दुसरा तपास आला. क्षय आहे. हृदयावरणाचा टीबी. तसा होतो हे मला माहीत आहे, मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पण धक्का त्याचा नाही.

हॉस्पिटलमध्ये हर्षाली म्हणून एक सिस्टर आहेत. त्यांनी गोळ्या हातात दिल्या आणि कशा घ्यायच्या ते सांगायला लागल्या. सकाळी उपाशीपोटी, एकही चुकवायची नाही. मग बाबांना म्हणाल्या, "लघवी नारिंगी होईल. घाबरून जायचं नाही."

मी पटकन म्हणाले, "गाजरानं होते तशी?"

त्या हसल्या. "गाजरानं एवढी कुठं होते मॅडम. ही या लाल गोळीचीच करामत."

ताई, मी लहान असताना माझी शू नारिंगी व्हायची. कित्येक महिने. मी घाबरून रडले होते, तेव्हा बाबा म्हणाले, तू गाजरं खातेस ना, त्याचा रंग आहे. आणि मी खरंच रोज खायचे. ते रोज आणायचे, स्वतः सोलून द्यायचे, उन्हाळ्यात मिळायची नाहीत तर कुठून तरी वाळकी, सुरकुतलेली घेऊन यायचे. मला वाटायचं बाबांचे लाड आहेत. सकाळी एक लाल गोळी मधातून, ती ताकदीची. मग गाजर. मग पाटी.

मी हे तीन वर्षं वर्गात सांगतेय. गाजरातलं रंगद्रव्य आणि लघवीचा रंग. माझं स्वतःचं उदाहरण देऊन. फळ्यावर लिहिलंय.

मी आईकडे पाहिलं. आई पिशवीची चेन लावत होती. लावून झाली होती, तरी परत उघडून लावत होती. बाबा भिंतीकडे बघत होते. हर्षाली सिस्टर पुढच्या पेशंटकडे गेल्या. आम्ही तिघं लिफ्टपर्यंत चालत आलो. बाबा थांबत थांबत. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, हॉस्पिटलातली नारळपाणीवाली चांगली आहे.

मी घरी येऊन वर्गाच्या वह्या काढल्या. मुलांनी ते वाक्य उतरवून घेतलंय.

आरोही


नाशिक,
१३ डिसेंबर २०२४

ताई,

आईला विचारलं. बाबा झोपले होते, ती मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि म्हणाले, मला काय झालं होतं ते सांग. तिनं मान वर केली नाही. सांगून टाकलं. वीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं तोंडातून काढून ठेवावं, इतक्या सहज.

"तुला टीबी झाला व्हता. छातीत. पाच वर्षांची व्हतीस."

मी म्हटलं, मला दम लागायचा म्हणून शाळेत घातलं नाही, असं सांगितलं होतं तुम्ही.

"मग काय सांगायचं? पोरीची जात. उद्या लग्नाच्या टायमाला कुणीतरी उकरून काढलं असतं."

म्हणून दोन वर्षं घरी. म्हणून बाबांची शाळा. मी ती गोष्ट किती जणांना किती अभिमानानं सांगितली असेल. माझ्या वडिलांनी मला हातानं शिकवलं, मी एकदम तिसरीत गेले. ताई, मी तुलाही सांगितली आहे. तुझ्या तोंडावर.

आणि तू. तुला लागू नये म्हणून तुला लंकामावशीकडे ठेवलं. मावशीला मूल नाही, ती एकटी पडते, देवळ्याची शाळा चांगली, हे सगळं नंतर रचलेलं. आधी सहा महिन्यांचंच ठरलं होतं. आईनं तिथंच मेथी खाली ठेवली. म्हणाली, मावशी तुला न्यायला आली तेव्हा आत सुद्धा आली नाही, उंबऱ्यातूनच म्हणाली, "लई जास मी, पन मंग माघारी मांगानी नही. आते हाई पोर मनी शे."

न्यायची तर कायमची, परत मागायची नाही. आणि आई हो म्हणाली. कारण दुसरं ठिकाण नव्हतं आणि मावशीला खरं कारण माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर तिनं ते देवळ्यात सांगितलं असतं का, मी विचारलं. आई म्हणाली, "सांगितलं नसतं. पण मला भ्या वाटलं."

तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून मावशी आणि काकांचं नाव होतं. कन्यादानाला तेच बसले. बाबा तिसऱ्या रांगेत, नाशिकच्या पाहुण्यांमध्ये. मी तेव्हा आईला म्हटलं होतं की बाबांना ताईबद्दल काहीच कसं वाटत नाही. आई म्हणाली होती, गप बस आणि अक्षता वाट.

मला एकच कळतंय. तुझं घर गेलं ते माझ्यामुळे. आणि आता बाबांना जे झालं तेही माझ्याकडूनच गेलं असणार. ते दोन वर्षं माझ्याजवळ बसायचे, माझ्या तोंडासमोर तोंड. मी पाटीवर नावं लिहायचे आणि त्यांच्या छातीत ते जात होतं.

बाबांशी अजून बोललेले नाही. ते मला बघतात आणि मी खोलीतून जाते.

आ.


नाशिक,
२० जानेवारी २०२५

ताई,

ऑपरेशन मंगळवारी, २८ तारखेला. सहा आठवडे गोळ्या पोटात जाऊ द्यायच्या होत्या, त्या गेल्या. मी रोज समोर उभी राहून देते. छाती मधोमध उघडून हृदयावरण कापून काढतात. नवीन बसवत नाहीत. माणूस त्याशिवाय जगतो. डॉक्टर म्हणाले, धोका आहे, शंभरात सात-आठ जण टेबलावरून परत येत नाहीत. मी आकडा परत विचारून घेतला.

तुझं काही आलं नाही. तुझ्या नांदगावच्या पत्त्यावरची पोस्टाची पावती ऑनलाइन बघितली, तिन्ही वेळा "वितरित" आहे. हे तुला टोचायला लिहीत नाही.

आधीच्या पत्रांत मी एक गोष्ट सांगितली नाही. नोव्हेंबरात बाबांना पहिल्यांदा ॲडमिट केलं तेव्हाचा माहितीचा फॉर्म मी भरला. तुला माहीत आहे मी कशी भरते. प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून, बाबांना विचारून. डायबेटिस, रक्तदाब, तंबाखू, ॲलर्जी. मग ओळ आली, रुग्णास किंवा घरात कुणास क्षयरोग. ती मी विचारलीच नाही. असला प्रश्न बाबांना कसा विचारायचा, असं वाटलं. आपल्या घरात असलं काही नसतं, असं मला माहीतच होतं. मी "नाही"वर खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले. बाबा बघत होते. त्यांनी माझ्या पेनाकडे बघितलं आणि डोळे मिटले.

त्या "नाही"मुळे आणि पहिला तपास साफ आल्यामुळे तीन आठवडे नुसत्या सूज उतरायच्या गोळ्या दिल्या. तोवर आवरण घट्ट होत होतं. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं की फॉर्म खोटा आहे, मी भरलाय. ते म्हणाले, त्यानं फार फरक पडला नसता. "फार" म्हणाले. "काहीच" म्हणाले नाहीत.

मग मी त्यांना दुसरं विचारलं, की मी लहानपणी त्यांना दिला का. ते चष्म्यावरून बघायला लागले. म्हणाले, पाच वर्षांचं मूल सहसा कुणाला देत नाही, त्याच्या खोकल्यात तेवढा जोरच नसतो. मुलाला झाला म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाकडून आलेला असतो. "तुमच्या घरात आधी कुणाला होता?"

मी घरी आले. बाबा पलंगावर तीन उशा लावून बसले होते, हल्ली आडवं होता येत नाही. मी दार लावलं आणि विचारलं. त्यांना वाटलंच होतं मी येणार. पाणी पिऊन घेतलं आधी.

त्यांनाच होता, ताई. माझ्या आधी वर्षभर. गोळ्या घरी मिळायच्या नाहीत, एक दिवसाआड आरोग्य केंद्रात जाऊन सिस्टरसमोर गिळायच्या. केंद्र त्यांच्या शाळेच्या अगदी समोर. रांगेत उभं राहिलं की शाळेचं फाटक दिसायचं आणि फाटकातून रांग. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि दिवसभर मुलांच्या हातात परीक्षानळ्या देणारा माणूस टीबीचा, हे कळलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. तीन महिन्यांनी खोकला थांबला. त्यांनी जायचं सोडलं. पुढच्या पावसाळ्यात मला ताप येऊ लागला.

"मग तुझ्याबरोबर मीही परत सुरू केल्या, बाहेरून विकत आणून," म्हणाले. "तुझी एकही चुकू दिली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायचो."

मला त्या खुणा आठवतात. मी दुधाच्या समजत होते.

मी तुझं विचारलं. उशीला टेकून त्यांनी दम घेतला. मग म्हणाले, "एकीला देऊन बसलो होतो. दुसरीच्या जवळ कसा जाऊ?"

म्हणून रुमाल. म्हणून ओट्याची कड. म्हणून तुझ्या हातचा तांब्या नको, त्यांच्या तोंडाचं भांडं मावशीकडे मागे राहायला नको होतं. देवळ्याच्या गाडीत सुद्धा ते शेवटच्या सीटवर खिडकीशी बसून जायचे.

मी म्हटलं, नंतर बरे झालात की. मग आत का गेला नाहीत?

"गेलो होतो," म्हणाले. "तोवर तिनं पाणी विचारायचं सोडलं होतं."

मला यात तुला काही पटवायचं नाही. त्यांनी तुला सांगायला हवं होतं, आणि आईनं, आणि मावशीनं. रागावायचं असेल तर रागाव, मीही रागावलेय. काल त्यांच्या ताटात भाजी वाढताना मी पातेलं आपटलं आणि ते दचकले, आणि त्या दचकण्यानं त्यांना दम लागला. मग मी पाठ चोळत बसले. राग धरायला सुद्धा यांनी जागा ठेवली नाही.

फक्त हे तुला माहीत असावं: त्यांना तुझी किळस कधीच वाटली नव्हती.

मंगळवार, सकाळी आठ. हृदयरोग विभाग, चौथा मजला.

आरोही


नाशिक,
५ फेब्रुवारी २०२५

ताई,

तू शनिवारी आलीस आणि माझ्याशी एका वाक्यापलीकडे न बोलता गेलीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तू गेल्यानंतर जे झालं ते तुला कळायला हवं, आणि त्याआधीचंही थोडं, कारण मी दारात होते हे तुला माहीत नाही.

आधी ऑपरेशन. पाच तास लागले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी मास्क खाली ओढेपर्यंत मी आईचा हात इतका दाबला होता की तिची बांगडी वाकली. ते म्हणाले, आवरण जागोजागी पाच-सहा मिलिमीटर जाड होतं, अंड्याच्या टरफलासारखं कडक. कापून सोडवलं तसं हृदय फुगलं. त्यांनी दोन्ही हातांनी करून दाखवलं. आवळलेली मूठ सैल व्हावी तसं. मी बाकावर बसले ते मला आठवत नाही, आईनं नंतर सांगितलं.

शनिवारी मी खाली औषधांच्या दुकानात गेले होते. वर आले तर वॉर्डच्या दारात कुणीतरी उभं होतं, तोंडाला मास्क, पदर खोचलेला, हातात पिशवी. पाठमोरी होतीस. मी ओळखलं ते उभं राहण्यावरून. आई अशीच एका पायावर भार टाकून उभी राहते.

बाबांनी तुला पाहिलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर चादरीची कड वर ओढली आणि नाकावर धरली. चार दिवसांच्या टाक्यांवरून हात वर नेताना त्यांचा चेहरा पिळवटला. तरी धरली. दोघांच्या नाकावर कापड आणि मध्ये सहा-सात फूट लादी. मला वाटलं तू आता वळशील.

तू आत गेलीस. मास्क काढून पिशवीत टाकलास. स्टुलावर त्यांचं पाण्याचं भांडं होतं, निम्मं प्यालेलं. ते उचललंस.

"अगं, उष्टं आहे ते," बाबा म्हणाले. चादरीतून आवाज आला.

"तहान लागलीय," तू म्हणालीस, आणि सगळं प्यालीस.

मी तिथून निघून गेले. जिन्यात जाऊन बसले. पुढचं काय बोललात ते मला माहीत नाही आणि विचारणार नाही. तासाभरानं तू माझ्यासमोरून उतरलीस, थांबलीस, माझ्या हातातली औषधांची पिशवी पाहिलीस. "लाल गोळी चुकवू देऊ नको," एवढंच म्हणालीस. माझ्याशेजारी येऊन बसलेल्या आईकडे बघितलं नाहीस. आई तेव्हापासून बोलत नाही. तिला थोडा वेळ दे. किंवा देऊ नको, ते तुझं तू ठरव.

आता नंतरचं. फॉर्ममधली ती ओळ मी दुरुस्त केली. वॉर्डमधल्या बाईंनी कपाळाला हात लावला, म्हणाल्या आता कोण बघतंय ते. मी "नाही" खोडलं, "होय, दोघांना" लिहिलं, बाजूला सही केली. खालच्या ओळीत घरातल्या मुलांची संख्या होती. तिथं मी नोव्हेंबरात "एक" लिहिलेलं सापडलं. माझ्याच अक्षरात. तेही खोडलं. त्यासाठी वेगळी सही लागली.

वर्गात गाजराचं ते चूक होतं असं सांगितलं. एक मुलगी म्हणाली, मॅडम, मग ते परीक्षेत लिहायचं नाही ना. मी म्हटलं, नाही लिहायचं.

आणि काल संध्याकाळी बाबांना पहिल्यांदा आडवं झोपता आलं, एकाच उशीवर. मला म्हणाले, पाठ आहे का अजून? म्हण बघू, बाहेरून आत. सहाव्या वर्षी विचारायचे तसंच, एक बोट वर करून. मी सुरुवात केली, हृदयावरण.

त्यांनी बोट हलवलं.

"ते आता नाही. पुढून म्हण."

मी अधिहृदापासून म्हटलं.

आरोही